बाजार, भाकरी आणि आपले नाव

मिल्टन फ्रीडमन यांचे ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ हे पुस्तक १९६२ साली अमेरिकेत निघाले. साठाहून अधिक वर्षे झाली, तरी भांडवलशाही आणि लोकशाही यांचे नाते काय, असा वाद सुरू झाला की अजून त्याचेच नाव पुढे येते. आम्ही ते पूर्वी एकदा चाळले होते. या खेपेस पेन्सिल हाती घेऊन वाचले. काही पानांवर मान डोलावली, काही पाने पटली नाहीत, आणि न पटण्याचे कारण शोधता शोधता आम्ही आपल्याच समाजाच्या इतिहासाशी येऊन थांबलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखक आपल्यापैकीच. हंगेरीतून अमेरिकेला गेलेल्या यहुदी आईबापांचा मुलगा, १९१२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. त्यांचे मुख्य म्हणणे असे, की जेथे खुला बाजार नाही तेथे राजकीय स्वातंत्र्य टिकत नाही. नुसत्या बाजाराने ते येतेच असे नाही, हेही ते कबूल करतात. पण बाजाराशिवाय ते येणार नाही. त्यांचे एक उदाहरण वाचकाच्या मनात घर करून राहते. पाव विकत घेणाऱ्याला त्यातला गहू कोणी पिकवला हे ठाऊक नसते. काळ्याने की गोऱ्याने, कम्युनिस्टाने की त्याच्या विरोधकाने. बाजार मालाचा भाव विचारतो, माणसाचे मत विचारत नाही. दुबळ्या अल्पसंख्याला यासारखे दुसरे छत्र नाही, असे ते म्हणतात.

हे वाचून आम्हांला कोकणातले आपले घाणे आठवले. आपल्या पूर्वजांचे तेल गावाने पिढ्यान् पिढ्या घेतले, आणि शनिवारी घाणा बंद असतो हे निमूट मान्य केले. फ्रीडमनसाहेबांना हे उदाहरण खचित आवडले असते. पण गावाने आपल्याला नाव काय दिले? ‘शनवार तेली’. म्हणजे बाजाराने आपल्याला ओळखले ते एक जात म्हणूनच. तेलाला नाव नव्हते, तेल्याला होते. त्यांच्या सिद्धांतातील गव्हाचा दाणा आणि प्रत्यक्षातला माणूस यांत हा एवढा फरक राहतो.

तरीही त्यांच्या म्हणण्यातला सत्यांश आपण, इस्राएलात आलेल्यांनी, नाकारू नये. १९५० च्या दशकात येथे काम मिळवून देणारी कचेरी कामगार संघटना आणि पक्ष यांच्या हातात होती. हिस्तद्रुत ही कामगारांची संघटना, तीच मोठी मालक, आणि सर्वांत मोठी कुपत-खोलीमही तिचीच. हिस्तद्रुतची लाल पुस्तिका खिशात नसली तर त्या कुपत-खोलीमचे सभासद होता येत नसे. काम, औषध आणि पक्ष यांच्या चाव्या एकाच जुडग्यात असल्या म्हणजे मत गुप्त असूनही माणूस दबकून राहतो. फ्रीडमन ज्या धोक्याची सूचना देतात तो हाच, आणि तो त्यांनी अचूक हेरला आहे. यासाठी कोणाला रशियात जायला नको होते.

पण तो जुडगा सुटला कसा? कामाच्या कचेऱ्या १९५९ च्या कायद्याने सरकारी सेवेत आल्या. कुपत-खोलीम आणि हिस्तद्रुत यांची गाठ १९९४ च्या आरोग्य विमा कायद्याने तुटली. तो १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. दोन्ही वेळा गाठ सोडवली ती क्नेसेतने. बाजार आपण होऊन ती सोडवील अशी वाट पाहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न पुस्तक वाचताना पिच्छा सोडत नाही.

१९७७ साली बेगिनसाहेबांचे सरकार आले तेव्हा फ्रीडमन सल्लागार म्हणून येथेही येऊन गेले. त्याच ऑक्टोबरात परकीय चलनावरील बंधने उठली. त्यापुढची महागाई मात्र १९८४ मध्ये चारशे टक्क्यांच्या वर गेली. त्याचे खापर त्यांच्या माथी फोडणे न्यायाचे नाही. सरकारने खर्चाला आळा घालण्याचा सल्ला फारसा मानला नव्हता. असो.

भारताची गोष्ट मात्र त्यांच्या सिद्धांताला अडचणीची आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली त्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली, आणि वीज सरकारी असल्यावर असेच व्हायचे, असे फ्रीडमनवादी म्हणतील. ठीक आहे. पण मार्च १९७७ मध्ये ते स्वातंत्र्य परत आणले ते मतपेटीने, आणि तेव्हा लायसन्स-परमिटचे राज्य शाबूत होते. ते मोडू लागले १९९१ साली. उलट चिलीत जनरल पिनोशेच्या राज्यात बाजार खुला झाला आणि माणसे तुरुंगात गेली. फ्रीडमन १९७५ मध्ये तेथेही जाऊन आले होते. चिलीतही १९८८ साली पिनोशेला ‘नाही’ म्हणाली ती मतपेटीच.

२००२ च्या आवृत्तीतील प्रस्तावनेत फ्रीडमन एक दुरुस्ती करतात. स्वातंत्र्याचे आर्थिक, नागरी आणि राजकीय असे तीन भाग पाडून, पहिल्या दोहोंसाठी तिसरे अत्यावश्यक नाही, असे हाँगकाँगकडे पाहून ते सांगतात. २००६ साली ते वारले. पुढचे त्यांनी पाहिले नाही. २०२१ साली त्याच हाँगकाँगमध्ये ‘ॲपल डेली’ हे खाजगी मालकीचे, भरपूर खपाचे दैनिक खाती गोठवल्यामुळे बंद पडले.

या दुरुस्तीशी आमचे भांडण आहे, आणि ते जुने आहे. हॉलिवुडमध्ये काळ्या यादीत टाकलेले लेखक खोट्या नावाने पटकथा विकत. डाल्टन ट्रंबोला तर ‘रॉबर्ट रिच’ या नावाने ऑस्करही मिळाले. बाजाराने बंदी मोडली, असे फ्रीडमन आनंदाने सांगतात. पण ती यादी पाळली होती स्टुडिओंच्या खाजगी मालकांनी. आणि दुसऱ्याच्या नावावर भाकरी मिळणे याला आम्ही स्वातंत्र्य म्हणायला तयार नाही.

१९६२ साली, हे पुस्तक निघाले त्याच वर्षी, मुख्य रब्बींच्या मंडळाने बेने-इस्राएलांच्या लग्नाआधी आई-आजीपासून मागची पिढ्यांची चौकशी करावी, अशा सूचना काढल्या. तेव्हा आपल्या लोकांना कामाला कोणी नाही म्हणत नव्हते. कारखान्यात, बांधकामावर, शेतावर आपले हात चालत होते. अडत होते ते नावाशी. फ्रीडमनचा शिष्य म्हणेल, ही तर मक्तेदारी, लग्न लावणारे आणखी दरवाजे उघडा. सायप्रसला जाऊन लग्न लावून येणारी जोडपी आजही आहेत. पण १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये बायकामुलांसह धरणे धरून बसलेल्यांना सायप्रसचे तिकीट नको होते. त्यांना त्याच रब्बीचा तोच दरवाजा इतरांसारखा उघडून हवा होता. त्यासाठी लागले ते बसण्याचे स्वातंत्र्य, बातमी छापणारी वृत्तपत्रे आणि मत देणारी क्नेसेत. ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने-इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर रब्बींच्या सूचनांमधून आपले नाव काढून टाकण्यात आले.