चौथ्या तारेचं चरित्र

वर्तमानपत्रातली मैफलीची समीक्षा ही आमच्या बँकेच्या पैसे भरायच्या स्लिपसारखी असते. मजकूर छापील, फक्त नावं भरायची. गायक 'रंगले', तबल्याची साथ 'समर्पक', पेटीची 'अनुरूप', श्रोते 'मंत्रमुग्ध'. तंबोऱ्याची पाळी शेवटच्या ओळीत, तीही संपादकांकडे जागा उरली तर: 'तंबोऱ्यावर अमुक व तमुक होते.' होते म्हणजे वाजवत होते की वर बसले होते, याचा खुलासा नाही.

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि चौथी जाड, पितळेची, खर्जाची. ही चौथी सगळ्यांत खाली बोलते आणि तिची तारीफ कुणी करत नाही. बँकेत गिऱ्हाइकाला कॅशियर दिसतो. मागे बसून ताळा जमवणारा दिसतो तो फक्त रजेवर गेला म्हणजे. खर्ज उतरला, की गवई आधी मागे वळून बघतो. वीस वर्षं मागच्याच टेबलावर काढल्यामुळे या तारेबद्दल मला थोडी भाऊबंदकी वाटते.

तिचं माहेर मिरज. साताऱ्याचे आमचे एक शेजारी 'सतार' साताऱ्याचीच समजत. सांगलीला माझी बदली झाल्यावर त्यांनी सहानुभूतीचं पत्र पाठवलं. खरा प्रकार असा, की मिरजेतले शिकलगार तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. रुंद घोडीवर तारेखाली सुताचा दोरा इकडेतिकडे सरकवून जवारी लागते, आणि मग एका तारेतून दहा आवाज निघतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं, मान अजून वाटेत असावा.

मान कमी म्हणून कर्तबगारी कमी नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या सुराची कीर्ती सर्वांना ठाऊक, पण तो सूर टेकायचा या खर्जावरच. ते १९३७ साली वारले, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात गवई तिथं हजेरी लावतात. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतूबुवा जोश्यांनी १९४०मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ उत्सव सुरू केला. दोन्हीकडे गवयांची नावं पाठ असलेले रसिक पोत्यानं भेटतील. तंबोरेवाल्याचं एक नाव विचारून बघा, लगेच चहाची आठवण होते.

परदेशात हाच प्राणी बास गिटारवाला म्हणून ओळखला जातो. तारा तिथंही चारच. वेल्समधल्या एका खाणकामगाराचा मुलगा जॉन केल, जन्म १९४२, न्यूयॉर्कला गेला आणि ला माँटे यंग यांच्या मंडळीत व्हायोला धरून तासन् तास एकेक सूर लांबवत बसला. त्यासाठी त्यानं व्हायोलाची घोडी घासून सपाट केली! मिरजेच्या कारागिरानं पाठीवर थाप मारली असती. पुढं 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक कंपूत त्यानं व्हायोला आणि बास दोन्ही वाजवलं. १९६८मध्ये तिथून त्याला काढलं. इकडे यंगसाहेब १९७०मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. म्हणजे हा वेल्सवाला मिरजेचा लांबचा व्याहीच लागतो. फरक इतकाच, की तिकडे बासवाल्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावर छापतात.

आपल्याकडे नाव छापायचा प्रश्न एका डबीनं मिटवत आणलाय. बटण दाबलं की तंबोरा सुरू. अलीकडे तर मोबाईलमध्येच. डबीला बिदागी लागत नाही, गाडीत तिकीट लागत नाही. सूर बरा असतो, हेही मी मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. डबी गाणं ऐकत नाही. तंबोऱ्यावर बसवायचे ते शिष्याला. शिकवणीत गुरुजी सांगतात ते वहीत उतरवता येतं. पण ऐन मैफलीत दम कुठं घेतला, फसलेली तान कशी सावरली, हे पाठीमागे दोन तास बसणाऱ्यालाच कळतं. ती जागा काढली, तर वाद्य करणाऱ्याचं गिऱ्हाईक तर जातंच, शिवाय शाळेचा सगळ्यांत वरचा वर्ग बंद होतो, तोही फी न घेणारा.

आमच्या शाखेतल्या शिपाईमामांची मुलगी मिरजेला गाणं शिकते. मध्यंतरी गुरुजींच्या मागे ती तंबोऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात पुष्पगुच्छ देणाऱ्याचं नाव होतं, माईकवाल्याचं होतं, मंडप घालणाऱ्याचंही होतं. हिचं नव्हतं. पण फोटोत गुरुजींच्या खांद्यामागे तंबोऱ्याच्या खुंट्या आणि तिची अर्धी वेणी आलीय, म्हणून मामांनी ते कात्रण पासबुकात घालून ठेवलंय. पासबुक भरायला आलं, की ते आधी कात्रण बाजूला काढतात आणि मग सगळ्या स्टाफला दाखवतात.

समीक्षकमंडळींना माझं एवढंच सांगणं आहे: पुढच्या वेळी ते नाव विचारून घ्या आणि छापा. ओळ वाढत असेल, तर 'मंत्रमुग्ध' गाळा. श्रोत्यांची काही हरकत नसेल.