विस्तीर्ण दृश्याची मर्यादा : खान्देशातील हौशी भूदृश्य छायाचित्रणाची समीक्षा

बीजसंज्ञा : हौशी छायाचित्रण, भूदृश्य, पॅनोरमा, अजिंठा, बोदवड, खान्देश

प्रस्तावना :
छायाचित्रणाचा छंद आज खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पॅनोरमाची सोय आल्यापासून डोंगर, धरण, नदी आणि शिवार यांचे रुंद चित्र कोणालाही काही क्षणांत काढता येते. अशा चित्रांचे कौतुक भरपूर होते. समीक्षा मात्र क्वचितच होते. चित्र जितके रुंद तितके ते अधिक खरे, असा समज या कौतुकामागे असतो. प्रस्तुत लेखात अजिंठ्याची दरी आणि बोदवडचे शिवार या दोन भूदृश्यांच्या आधारे हा समज तपासला आहे.

पूर्वपीठिका :
पॅनोरमा ही कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस वर्तुळाकार भिंतीवर सलग चित्र लावून प्रेक्षकाला मध्यभागी उभे केले. चित्र प्रेक्षकाभोवती वळत होते. पुढे छायाचित्रकार अनेक काचा शेजारी शेजारी जुळवून रुंद दृश्ये तयार करू लागले. फेलिस बिआतोने 1858 मध्ये लखनौची अशी दृश्ये टिपली. येथे एक मूलभूत फरक पडला. भिंतीवरचे वळण नाहीसे झाले आणि दृश्य कागदावर सपाट पसरले.

हौशी छायाचित्रणाची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. खान्देशाच्या दृष्टीने मात्र मेजर रॉबर्ट गिल याचे नाव अधिक जवळचे आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी त्याची 1844 मध्ये नेमणूक झाली. कॅमेरा त्याने पुढे हाती घेतला. त्याच्या त्रिमितीय छायाचित्रांचा संग्रह जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह 1864 मध्ये प्रसिद्ध झाला. 1879 मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर भुसावळला आहे.

विवेचन :
गिलच्या संग्रहाच्या शीर्षकात पश्चिम भारताची वास्तुकला आणि निसर्गेतिहास यांचा उल्लेख आहे. भूदृश्याला स्वतंत्र स्थान नाही. जमीन येते ती लेण्याची किंवा मंदिराची पार्श्वभूमी म्हणून. ही त्या दृष्टीची मर्यादा होय. परंतु त्याच्या तंत्रात एक गुण होता. दोन डोळ्यांमधील अंतर लक्षात घेऊन घेतलेल्या दोन प्रतिमा दर्शकयंत्रातून पाहिल्या म्हणजे दृश्याला खोली प्राप्त होते. तेथे चित्राची रुंदी थोडी असली तरी जवळचे आणि दूरचे यांतील भेद टिकतो. पॅनोरमात नेमके उलट घडते. रुंदी वाढते आणि खोली हरवते.

अजिंठ्याच्या दृश्यबिंदूवरून हौशी मंडळी आज जे चित्र काढतात त्यात हा दोष स्पष्ट दिसतो. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर लेणी कोरलेली आहेत. हे वळण हाच त्या स्थळाचा प्राण आहे. परंतु कॅमेरा फिरवून जोडलेल्या चित्रात प्रत्येक दिशा समान अंतरावर मांडली जाते. त्यामुळे पाहणाऱ्याला वेढणारा कडा सरळ भिंतीसारखा दिसू लागतो. उलट भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील बोदवडच्या शिवारात रुळांच्या बाजूला उभे राहून तेच तंत्र वापरले, तर सरळ मार्ग धनुष्यासारखा वाकतो. वाकडे सरळ होते आणि सरळ वाकडे होते. यात कॅमेऱ्याचा बिघाड नाही. गोल दृष्टिक्षेप सपाट कागदावर आणण्याची ती अपरिहार्य किंमत आहे. ती ठाऊक नसणे हा छायाचित्रकाराचा दोष होय.

दुसरा प्रश्न विषयाच्या निवडीचा आहे. महाराष्ट्रात भूदृश्य म्हटले की सह्याद्री, गड आणि धबधबे डोळ्यांपुढे येतात. उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' (2010) या पुस्तकातील हवाई छायाचित्रांनी ही आवड अधिक दृढ केली. तटबंदी, माची आणि डोंगरसोंडा यांचा परस्परसंबंध त्या उंचीवरून जसा कळतो तसा पायी चालणाऱ्याला कळत नाही, हे त्या पुस्तकाचे यश आहे. परंतु त्या उंचीवरून माणूस ठिपक्याएवढा होतो आणि चढणीचे श्रम दिसेनासे होतात. शिवाय अशा चित्रांच्या सवयीने बोदवडसारख्या सपाट, कोरडवाहू परिसरात 'पाहण्यासारखे काही नाही' असे वाटू लागते. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत याच प्रदेशातील शेत हे श्रमाचे स्थळ आहे. हौशी चित्रात तेच शेत रिकामे क्षितिज होऊन उरते. हा दोष भूमीचा नसून दृष्टीचा आहे.

येथेच हौशी छायाचित्रकाराचे खरे बळ कोणते, हा प्रश्न उभा राहतो. प्रवासी एकदा येतो आणि ठरलेल्या जागेवरून ठरलेले चित्र घेऊन जातो. स्थानिक छांदिष्टाला तेथे पुन्हा पुन्हा जाता येते. वैशाखातील नांगरलेली काळी जमीन, श्रावणातील हिरवे पीक, कार्तिकात फुटलेला कापूस, बांधावरचे तोडले गेलेले झाड, आटलेली विहीर हे सर्व एकाच बिंदूवरून वर्षानुवर्षे टिपले, तर ते छायाचित्र परिसराचा दस्तऐवज बनते. पॅनोरमाच्या रुंदीपेक्षा काळाची ही रुंदी अधिक मोलाची आहे.

निष्कर्ष :
1. पॅनोरमा हे संपूर्ण सत्य नसून दृश्याची एक विशिष्ट मांडणी आहे. वळण आणि खोली या बाबतींत ती फसवी ठरू शकते.
2. 'प्रेक्षणीय' भूदृश्याची कल्पना डोंगर आणि गड यांच्या सवयीतून घडली आहे. सपाट प्रदेशाला ती न्याय देत नाही.
3. हौशी चित्रांना ठिकाण, दिशा व दिनांक यांची नोंद जोडल्यास ती भूगोल, कृषी व इतिहास या विषयांना उपयुक्त ठरतील. महाविद्यालयांनी असा संग्रह करणे इष्ट आहे.

गिलने केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र छापील संग्रहामुळे उपलब्ध राहिली. कोणती नोंद उद्या मोलाची ठरेल हे नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून ती काळजीपूर्वक करणे एवढेच त्याच्या हाती असते.