अर्जदारांची देशभक्ती

एका परिसंवादात एक नामवंत समीक्षक उठले आणि म्हणाले, "दलित साहित्यात गावकुसाबाहेरचं जिणं आहे, भूक आहे, शिव्या आहेत, सगळं आहे. पण युद्ध नाही. देशावर संकट आलं तेव्हा तुमचा कवी कुठं होता?" टाळ्या पडल्या. आमच्यातलेही दोघंतिघं माना डोलवत होते. मला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. चहा झाला, लोक पांगले. ते उत्तर इथं देतो.

समीक्षक महाशय, प्रश्नच उलटा आहे. आमचं साहित्य युद्धापासून लांब राहिलं असं नाही, ते पलटणीतच जन्माला आलं. फक्त ते कवितेच्या रूपात आलं नाही, म्हणून तुमच्या सौंदर्यशास्त्राला दिसलं नाही. ते अर्जाच्या रूपात आलं. आणि अर्ज म्हणजे तुमच्या लेखी साहित्य नव्हे, कचेरीतला कागद!

आधी पलटण घ्या. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार होते. भीमा कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818 ची. तिथल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची 49 नावं आहेत, त्यातली 22 'नाक' लावलेली. बाकीची दुसऱ्यांची आहेत, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडं हल्ली आकडे फुगवायची खोड लागलीय. आपल्याला त्याची गरज नाही. 22 नावं पुरेत. ज्या राज्यात माणसाची सावली विटाळ करीत होती, त्या राज्याच्या अंगणात बावीस अस्पृश्यांची नावं दगडावर कोरली गेली, ही गोष्ट काय थोडी झाली?

पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पलटणीच्या शाळेची. शिपायाच्या पोरांना तिथं शिकावंच लागायचं. गावातल्या शाळेच्या पायरीवर ज्याला उभं केलं नसतं, तो पोरगा छावणीत बाराखडी गिरवू लागला. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवीत होते. त्यांचं चौदावं अपत्य 14 एप्रिल 1891 ला महूच्या छावणीत जन्मलं. पुढचं सांगायला नको. पलटणीनं एका हातात बंदूक दिली, दुसऱ्या हातात पाटी दिली. बंदूक काढून घेतली. पाटी राहिली. आमच्या गद्याची सुरुवात तिथं आहे.

बंदूक काढून कशी घेतली? 1885 ते 1893 लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याच्या अमदानीत लढवय्या जातींचं खूळ बोकाळलं. अमकी जात शूर, तमकी जात मऊ. 1890 नंतरच्या दोनतीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. ज्यांचे बाप-आजे सुभेदार-जमादार होते, त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही लढणारे नव्हेच. साहेबानं मनुस्मृती न वाचताच तिचा अंमल केला.

इथं गोपाळबाबा वलंगकर येतात. महाडजवळच्या रावढुळचे. 1886 ला पलटणीतून निवृत्त झाले, दापोलीला राहिले. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली. अस्पृश्यतेवर सवाल टाकणारं 'विटाळ विध्वंसक' लिहिलं. आणि 1894 ला भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारला अर्ज लिहिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या अर्जाला किती ओळी मिळाल्या? शोधून सांगा.

आता हा अर्ज साहित्य म्हणून वाचू या. अर्जाचा घाट ठरलेला असतो. वर साहेबाचं नाव, खाली आपला अंगठा नाहीतर सही. मधल्या जागेत वाकून उभं राहायचं. पण वाकलेला माणूस काय बोलतोय ते ऐका. तो हिशेब मांडतोय. आम्ही पूर्वीचे क्षत्रिय, म्हणतोय. आम्हाला हीन ठरवणाऱ्या वरच्या जातींचंच मूळ बाहेरचं आहे, म्हणतोय. भरती मागता मागता जातीव्यवस्थेची चौकशी मागतोय. नम्रतेच्या आवरणात एवढी आग त्या काळात आणखी कुणाच्या मराठीत होती? जोतीरावांच्या होती. गोपाळबाबा त्यांच्याच वाटेवरचे.

पुढं शिवराम जानबा कांबळे. पुण्याचे. 1903 ला सासवडला 51 गावच्या महारांची सभा घेतली आणि अर्ज केला. 1908 ला 'सोमवंशीय मित्र' मासिक काढलं. 1910 ला जेजुरीची परिषद, पुन्हा अर्ज, या वेळी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याला. मागणं तेच. लष्कर, पोलीस, नोकरी. माणूस म्हणून नोंद.

यावर प्रस्थापितांचा शेरा तयार असतो : "हे तर ब्रिटिशधार्जिणे!" थांबा. काँग्रेस 1885 ला स्थापन झाली आणि पहिली वीस वर्षं तिनं काय केलं? अर्ज केले. विनंत्या केल्या. ठराव केले. न्यायमूर्ती रानडे सरकारचे न्यायाधीश होते. त्यांना कुणी गद्दार म्हटलं? म्हणूही नये. पण मग मोजमाप एकच ठेवा. मवाळानं केला तो अर्ज राजकारण, आणि महारानं केला तो अर्ज चाकरी? कागद एक, शाई एक. फरक फक्त खालच्या सहीत आहे. म्हणजे देशभक्तीसुद्धा तुमच्याकडं जात विचारूनच ओट्यावर घेतात.

पण मी इथं नुसती आरती ओवाळायला बसलो नाही. समीक्षा करायची तर आपल्या माणसांचीही केली पाहिजे.

या अर्जांत एक खोट आहे. 'आम्हीही लढवय्ये' असं ते म्हणतात. 'लढवय्या जात ही कल्पनाच सडकी आहे' असं ठासून म्हणत नाहीत. मंडळीचं नाव 'अनार्य' आणि अर्जात दावा क्षत्रियत्वाचा! एक पाय जोतीरावांच्या वाटेवर, दुसरा वर्णाच्या शिडीवर. महार लढवय्या ठरला तर मांगाचं काय, चांभाराचं काय, भंग्याचं काय? आणि साम्राज्याच्या पलटणीत मिळालेली बंदूक शेवटी कुणावर चालणार होती? बहुतेक वेळा आपल्यासारख्याच दुसऱ्या गरिबावर. 1917 ला, महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, साहेबाला महार पुन्हा शूर वाटू लागले. 111 वी महार पलटण उभी केली. युद्ध सरलं तशी दोनचार वर्षांत मोडली. गरज सरो नि वैद्य मरो. शौर्याचा दाखला गरजेपुरता दिला जातो, हे आपण तिथंच शिकायला हवं होतं.

बाबासाहेब शिकले. त्यांनी 1941 ला संरक्षण सल्लागार समितीवर बसून महार रेजिमेंट उभी करवून घेतली, पहिली बटालियन बेळगावला. पण त्याआधी 1939 ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी स्पष्ट केलं होतं की देशहित आणि अस्पृश्यांचं हित यांची टक्कर झाली तर ते अस्पृश्यांच्या बाजूनं उभे राहतील. बहुमत देशाचं नाव घेतं म्हणून त्याची जुलूमशाही चालवून घेणार नाहीत. ही दोन्ही कामं एकाच माणसाची. लष्करात जा, आणि देशाला जाबही विचारा. आमची देशभक्ती या दोन वाक्यांच्या मधी उभी आहे. अर्जाची इथं अट झाली.

आता 1971 वर या. 16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. बरोबर आठवड्यानं, 23 डिसेंबर 1971 ला, राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा कायदा झाला. झेंड्याचा अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच सुमाराला महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. माणसं खडी फोडत होती.

आमच्या वस्तीत एक हवालदार होते, 1965 आणि 1971 दोन्ही लढाया पाहिलेले. आम्ही पोरं म्हणायचो, "आबा, लढाईचं सांगा." आबा म्हणायचे, "लढाईचं काय सांगू लेकरा? तिथं एका मगातनं पाणी प्यालो. हितं रजेवर आलो तर पाटलाच्या हिरीवर माझ्या बायकूची घागर ठिवू देईनात." एवढंच. छातीवरची पदकं ट्रंकेत, आणि म्हातारा वस्तीचे अर्ज लिहीत बसलेला. नळाचा अर्ज, रेशनकार्डाचा अर्ज, विधवा बाईच्या पेन्शनीचा अर्ज. समीक्षक महाशय, हे आमचं युद्धसाहित्य. टाचणी लावलेलं.

15 ऑगस्ट 1972, स्वातंत्र्याची पंचविशी. 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. अंकाची जबाबदारी अनिल अवचटांकडं होती. परभणीकडच्या ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झाली होती, बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला होता. ढाल्यांनी विचारलं ते थोडक्यात असं : झेंड्याच्या अपमानाला शिक्षा मोठी आणि दलित बाईची अब्रू एवढी स्वस्त कशी? मग तो झेंडा आमच्या कुठल्या कामाचा? एवढ्यावर गहजब झाला. देशद्रोह! राष्ट्रध्वजाचा अपमान! बाईचं लुगडं फेडलं तेव्हा जे गप होते, ते झेंड्याच्या कापडासाठी रस्त्यावर आले.

हा लेख मी गोपाळबाबांच्या अर्जाशेजारी ठेवून वाचतो. घाट तोच आहे. हिशेबच आहे. बदल एवढाच की वाकणं गेलंय, आणि वरचं साहेबाचं नाव जाऊन तिथं नागरिकांचं नाव आलंय. ज्याला देश नकोच असतो तो हिशेब मागत नाही, तो उठून जातो. हिशेब मागतो तो घरचा माणूस. म्हणून हा लेख देशविरोधी नाही. त्या पंचविशीत देशाला सगळ्यात गंभीरपणे घेणारा लेख तो होता.

त्यातही खोट आहे. बाईची अब्रू हे त्यात एक माप आहे, झेंड्याशी तोलायला. ती बाई स्वतः बोलत नाही. पुढची बोंबाबोंबही पुरुषांचीच. तिचा अर्ज कुणी लिहून घेतला? आमच्या आयाबायांनी पुढं आत्मकथनं लिहिली तेव्हा ती जागा भरू लागली.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, म्हणून तिकडचंही एक बघू. व्हिएतनामच्या युद्धात कॉलेजातल्या पोरांना भरतीतून सूट मिळत होती. ज्याच्याकडं कॉलेज नाही तो जंगलात. महंमद अली 28 एप्रिल 1967 ला भरतीकेंद्रावर गेला आणि नाव पुकारल्यावर पुढं पाऊल टाकलं नाही. मुष्टियुद्धाचा किताब गेला, शिक्षा झाली; 1971 ला वरच्या कोर्टानं ती रद्द केली. गोपाळबाबा म्हणाले, मला पलटणीत घ्या. अली म्हणाला, मला नेऊ नका. दोघांची वाक्यं उलटी, पण सवाल एक : ज्या देशासाठी मी मरायचं, त्या देशात माझी जागा कुठली?

हा सवाल जुना झालेला नाही. 1 जानेवारी 2018 ला कोरेगावच्या वाटेवर दगड पडले. 2022 ला अग्निपथ आलं : चार वर्षांची नोकरी, फार तर शंभरातले पंचवीस पुढं कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसे, पेन्शन नाही. गोपाळबाबा पेन्शनीवर जगले म्हणून लिहू शकले. ज्याला चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी पाठवणार, त्याच्या ट्रंकेत पदक असेल. अर्ज लिहायला उसंत असेल का? भरतीच्या मैदानावर पहाटे धावणारी पोरं कुठल्या घरातली असतात ते एकदा जाऊन बघा. युद्धगीतं लिहिणाऱ्यांची पोरं त्या रांगेत किती, तेही मोजा.

तेव्हा मित्रहो, पुन्हा कुणी विचारलं की देशावर संकट आलं तेव्हा तुमचा कवी कुठं होता, तर सांगा : आमचा बाप सरहद्दीवर होता. आणि तो परत आल्यावर त्याला पाणी कुणी दिलं नाही, ते आम्ही लिहीत होतो.