वाचकाचा स्वभाव आणि ‘स्वामी’

महाराष्ट्राबाहेर, धारवाडास राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयी आपल्या सुरतेच्या मराठी घरांतून जिव्हाळा आहे. तरी ‘फार निराशावादी’ असा शिक्का मारून त्यांची पुस्तके मिटणारे वाचकही आपल्यांत आहेत. हा निवाडा कथेविषयी किती सांगतो आणि वाचकाविषयी किती, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘पिंगळावेळ’ (1977) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा घेऊ. मठात स्वामी म्हणून जमिनीखाली कोंडला गेलेला माणूस वरच्या उजेडाकडे झेपावणाऱ्या वेलीशी शेवटी आपले जगणे जोडतो. या शेवटात कोणास केवळ गुदमर जाणवते, कोणास वेलीची हिरवी ओढ. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने वेढलेल्या माडीवर ज्यांनी दिवस काढले त्यांना अशी कोंडी परकी नाही. पण त्याच माडीवरची दोन भावंडेही ही कथा सारखी वाचतील, असे नव्हे. अनुभव एक असूनही जो फरक उरतो, त्यात स्वभावाचा वाटा मोठा असतो.

एटकिन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भ्यालेले चेहरे अवघे 33 मिलिसेकंद दाखवून लगेच दुसऱ्या चेहऱ्याने झाकले. पाहणाऱ्यास ते दिसल्याची जाणीवही नव्हती. तरी ज्याचा स्वभाव अधिक चिंताळू, त्याच्या मेंदूतील अमिग्डलाचा प्रतिसाद अधिक तीव्र होता. तेच चेहरे जाणीवपूर्वक पाहताना मात्र असा संबंध आढळला नाही.

चेहरा म्हणजे कथा नव्हे, हे खरे. पण स्वभाव आपले काम जाणिवेच्या आधीच उरकतो, ही गोष्ट आपल्या परंपरेसही अनोळखी नाही. सर्व चित्तवृत्ती सर्वांत असतात, मात्र कोणात एखादी अधिक तर कोणात उणी, असे अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी म्हटले आहे. ‘सहृदय’ हा शब्द आपण एकवचनी वापरत आलो आणि हे अधिकउणे विसरलो.

म्हणून प्रत्येक वाचन सारखेच ग्राह्य, असे आम्ही म्हणत नाही. ‘स्वामी’त भिंत आहे आणि वेलही आहे, यांपैकी एक गाळणारे वाचन अपुरेच. पहिल्या वाचनातील दचकणे वा सुखावणे ही साक्ष मानावी, निकाल नव्हे. आपले मन कोणत्या बाजूस कलते हे ओळखून दुसऱ्यांदा वाचावे, आणि मगच लेखकास निराशावादी ठरवावे.