फिलाडेल्फियांतील अखेरचे आठवडे : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रसाधनांची चिकित्सा

१. कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांस पेन्सिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी ता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें मिळाली. ही मिति निर्विवाद आहे. परंतु या मितीच्या मागचे कांहीं आठवडे त्या विद्यार्थिनीनें कसे काढिले, हें सांगूं लागतांच बहुतेक लेखक एकदम समारंभांत शिरतात. पंडिता रमाबाई विलायतेहून आल्या, गोपाळराव सभेस हजर होते, सभागृहानें कौतुक केलें, येवढें सांगून प्रकरण संपतें. पाहुण्यांचें वर्णन पुष्कळ, आणि जिच्याकरितां पाहुणे जमले तिचें मात्र थोडें. या उणीवेचें मूळ लेखकांच्या अनास्थेंत नसून साधनांच्या घडणींत आहे, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें येथें मांडावयाचें आहे.

२. प्रथम पत्रांचा विचार करूं. आनंदीबाई ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. गोपाळराव मागें राहिले. तेव्हांपासून गोपाळराव १८८५ सालीं अमेरिकेस पोहोंचेपर्यंत या दांपत्याचा सारा संसार टपालावर चालला होता. गोपाळराव स्वतः पोस्टखात्यांतले नोकर. तेव्हां हें शब्दशः खरें म्हणावें लागेल. राग, समजूत, पैशाची ओढ, लुगडें कोणत्या पद्धतीनें नेसावें याचा वाद, असें सर्व कांहीं त्या पत्रव्यवहारांत आहे. चरित्रकाराला याहून चांगलें साधन कोणतें मिळणार?

परंतु पत्र लिहिलें जातें तें दूर असणारास. गोपाळराव फिलाडेल्फियास आले आणि या पत्रव्यवहाराचें कारणच सरलें. महाविद्यालयाच्या डीन बाडलीबाई त्याच गांवांत होत्या. रमाबाई मार्चच्या आरंभीं तेथेंच येऊन पोहोंचल्या. म्हणजे ज्यांस आनंदीबाईंनीं मन मोकळें करून लिहावें, तीं बहुतेक माणसें त्या आठवड्यांत त्यांच्या डोळ्यांसमोर होतीं. न्यू जर्सींतील रोझेल येथील कार्पेंटरबाई, ज्यांस त्या मावशीच्या ठिकाणीं मानीत, त्याच काय त्या टपालाच्या अंतरावर उरल्या. पाहुणे आले व पत्रें आटलीं, असा हा प्रकार आहे. यास्तव या काळचीं घरगुती पत्रें विरळ आहेत म्हणून घर शांत होतें, किंवा विद्यार्थिनीचें मन निश्चिंत होतें, असें अनुमान काढणें चुकीचें ठरेल. साधन जेथें मूक होतें, तेथें तें कां मूक झालें हें आधीं विचारलें पाहिजे.

३. विद्यार्थिनीचें साधन आटलें त्याच वेळीं पाहुण्यांचें साधन सुरू झालें. येथें पाहुणे कोण होते, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. आनंदीबाईंनीं प्रयाणापूर्वीं, ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, श्रीरामपूरच्या सभेंत आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार असें जाहीर केलें होतें. रमाबाईंनीं त्याच वर्षीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला होता व पुढें त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत राहिल्या. १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून वाँटेजच्या मंडळींशीं त्यांचे किती मतभेद चालले होते तें दिसतें. गोपाळरावांचा प्रकार तिसराच. ते अमेरिकेंत व्याख्यानें देऊन त्याच देशाच्या चालीरीतींवर व मिशनऱ्यांवर कडक टीका करीत. बरें, ज्यांच्या आश्रयानें आनंदीबाई शिकल्या तीं बहुतेक माणसें श्रद्धाळु ख्रिस्ती होतीं.

अशीं परस्परविरुद्ध मतांचीं माणसें एका वीस वर्षांच्या विद्यार्थिनीभोंवतीं तिच्या परीक्षेच्या मोसमांत गोळा झालीं होतीं. आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ चा. पदवी घेतली त्या दिवशीं त्यांस एकविसावें पुरें होण्यास वीस दिवस उणे होते. या वयांत अध्ययन संपवावयाचें आणि प्रत्येक पाहुण्याचा मानहि राखावयाचा, हा भार लहान नव्हे. समारंभाचीं वर्णनें लिहिणारांनीं या भाराकडे जवळजवळ पाहिलेंच नाहीं. कारण भार वाहणारी लिहीत नव्हती, व लिहिणारे तो भार झाले होते.

४. आतां या पाहुण्यांच्या व आश्रयदात्यांच्या साक्षींचा काळ पाहूं. बाडलीबाईंनीं जी हकीकत दिली ती रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदु वूमन’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, १८८७ सालीं. रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ सालचें. कॅरोलाइन हीली डालबाईंचें इंग्रजी चरित्र १८८८ सालीं बोस्टनास निघालें, व काशीबाई कानिटकरांचें ‘चरित्र व पत्रें’ त्यानंतरचें. आनंदीबाई ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. अर्थात् हे चारहि लेख त्या निधनाच्या छायेंत सिद्ध झाले आहेत. पदवीदानानंतर वर्षाच्या आंतच जिला मरण यावयाचें होतें, तिच्या चेहऱ्यावर समारंभाच्या दिवशींच तें मरण वाचण्याचा मोह अशा लेखकास आवरत नाहीं. चिकित्सकानें तो मोह ओळखून तेवढा बाजूस सारावा. लेख मात्र टाकून देऊं नये.

डालबाईंच्या ग्रंथाचें नांवच पहावें. त्यांत आनंदीबाईंची ओळख ‘पंडिता रमाबाईंची नातलग’ अशी मुखपृष्ठावरच करून दिली आहे. १८८७ सालीं बोस्टनास रमाबाई असोसिएशन स्थापन झालें होतें व रमाबाईंचें नांव त्या देशांत घरोघर गेलें होतें. तेव्हां ग्रंथाचा खप व्हावा म्हणून हें केलें असल्यास नवल नाहीं. तथापि याचा परिणाम असा झाला कीं, जी पाहुणी म्हणून समारंभास आली, तिच्या नात्यानें यजमानीण ओळखली जाऊं लागली. डालबाईंनीं कार्पेंटरबाईंकडील पत्रांचा उपयोग केला, हें त्यांच्या ग्रंथाचें खरें मोल. ज्यास तो ग्रंथ वापरावयाचा असेल त्यानें त्यांतील पत्रें एका बाजूस व डालबाईंचें निवेदन दुसऱ्या बाजूस असे दोन भाग करूनच वापरावा.

५. गोपाळरावांच्या साक्षीविषयीं स्वतंत्र सावधगिरी हवी. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत रानडे, टिळक प्रभृति मंडळींस चहास जमविण्यांत पुढाकार यांचाच, आणि मागाहून ‘पुणेंवैभवां’त पाहुण्यांचीं नांवें छापविणारेहि हेच. ज्या गृहस्थास पाहुणचाराचाहि उपयोग समाजाची परीक्षा पाहण्याकडे करावासा वाटतो, तो स्वतःच्या बायकोच्या घरीं आलेल्या पाहुण्यांविषयीं निर्विकारपणें सांगेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. मात्र यावरून गोपाळराव खोटें बोलत असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. त्यांचें प्रत्येक वाक्य कोणास तरी डिवचण्यासाठीं आहे, येवढें जाणून तें वाचावें.

६. संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट छायाचित्राची. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लामबुली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखांत बसल्या आहेत, असें एक चित्र वारंवार छापलें जातें व पुष्कळदां त्याखालीं ‘पदवीदानप्रसंगीं’ अशा अर्थाची ओळ असते. हें चित्र ता. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं डीनबाईंनीं दिलेल्या स्वागतसमारंभाच्या वेळचें आहे, म्हणजे पदवीच्या पांच महिने अगोदरचें. ओकामी यांस पदवी १८८९ सालीं व इस्लामबुली यांस १८९० सालीं मिळाली. तेव्हां तिघी एकाच दिवशीं पदवीधर झाल्या हें म्हणणें मुळांतच संभवत नाहीं. चूक लहान दिसते, पण तिची जात तीच. स्वागताचा प्रसंग हाच पदवीचा प्रसंग मानला गेला आहे. पाहुण्यांपुढें बसलेली विद्यार्थिनी तेवढी टिकली आणि पुस्तकापुढें बसलेली हरवली.

७. मग पुस्तकापुढें बसलेली विद्यार्थिनी कोठें सांपडेल? आमच्या मतें ती तिच्या प्रबंधांत सांपडेल. पदवीसाठीं सादर केलेल्या या निबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा आहे. आयुर्वेदीय ग्रंथ व अमेरिकन पाठ्यपुस्तकें या दोहोंचाहि आधार त्यांत घेतला आहे. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाचे जुने कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय दप्तरखान्यांत जपून ठेविले आहेत. हा प्रबंध व १८८३ सालचें आनंदीबाईंचें प्रवेशाविषयींचें पत्र हीं त्यांतच आहेत. आपल्याकडे समारंभाविषयीं जितकें लिहिलें गेलें, त्याच्या दशांशहि या प्रबंधाविषयीं लिहिलें गेलें नाहीं. दहाव्या दिवशीं आपलें मूल गमावलेली एक बाई प्रसूतिविद्येवर लिहिते, परदेशीय परीक्षकांपुढें स्वदेशाचे ग्रंथ ठेविते, त्यांतलें काय घेते व काय सोडते, हें पाहण्यासारखें आहे. हा लेख पाहुण्यांस उद्देशून नाहीं, नवऱ्यास उद्देशून नाहीं, व मृत्यूनंतरचाहि नाहीं. त्या अखेरच्या मुक्कामाचें हेंच मुख्य साधन होय. त्यांतील आयुर्वेदीय आधार मूळ ग्रंथांशीं ताडून पाहण्याचें काम संस्कृतज्ञ वैद्यांनीं अंगावर घ्यावें.

८. अर्वाचीन ग्रंथांपैकीं श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. तिनें आनंदीबाईंचें नांव मराठी घरांत पोहोंचविलें, हें तिचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. तथापि तिच्यांतील संवाद इतिहासाचे उतारे म्हणून लेखांत येऊं लागले आहेत. हा दोष कादंबरीकाराचा नव्हे, वाचणाराचा. १९९७ सालीं अंजली कीर्तने यांच्या ‘काळ आणि कर्तृत्व’ या चरित्रानें अस्सल कागदांकडे जाण्याची वाट दाखविली, व कै. मीरा कोसंबी यांचा पत्रांवर आधारलेला इंग्रजी ग्रंथ २०२० सालीं मरणोत्तर प्रसिद्ध झाला. या दोन ग्रंथांनंतर तरी कादंबरीवरून चरित्र लिहिण्याची सबब कोणास उरलेली नाहीं.

९. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. त्या काळचीं पत्रें एखाद्या जुन्या पेटींत हातीं लागलीं, तर पाकिटें फेकूं नयेत व तिकिटांसाठीं कापूं नयेत. कोणतें पत्र पाहुणे येण्याआधींचें व कोणतें नंतरचें, हें पुष्कळदां टपालाच्या शिक्क्यावरूनच ठरणार. छायाचित्राच्या मागची ओळहि, ती चुकीची असली तरी, पुसूं नये. चूक केव्हां शिरली हें तिच्यावरूनच कळतें. आणि ज्यांच्याजवळ अशीं साधनें असतील त्यांनीं त्यांची नक्कल तरी मंडळाकडे पाठवावी. आनंदीबाई ऑक्टोबर १८८६ मध्यें अमेरिकेंतून निघाल्या त्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील नेमणुकीवर रुजू होण्यासाठीं. ती जागा त्यांस सांभाळावयास मिळाली नाहीं. त्यांच्या हातून झालेलें वैद्यकीचें काम थोडें, म्हणूनच त्यांनीं केलेल्या अध्ययनाचा जो कागद उरला आहे तो आपण समारंभाच्या वर्णनांखालीं दडपूं देतां कामा नये.