रेणूंचे आयनीभवन : बेरीज आणि घटक

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळावरून होलोसीन कालखंडातील दीर्घ अवर्षणांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सरोवरांच्या गाळावरील अशा अभ्यासांत सेंद्रिय द्रव्य जाळून कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रोजन हे वायू मिळवितात, त्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात आणि निर्माण झालेले आयन द्रव्यमान वर्णपटमापकात मोजतात. म्हणजे पर्जन्यमानाविषयीच्या निष्कर्षाच्या मुळाशी इलेक्ट्रॉन व रेणू यांची टक्कर असते. या टकरीविषयीचे आकडे कितपत विश्वसनीय आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ भौतिकीपुरता राहत नाही.

१०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू ओलांडून जातो, तो त्या रेणूच्या सर्वांत जलद कंपनाच्या आवर्तकालाच्या तीनशेव्या अंशाहूनही कमी काळात. तेवढ्या अवधीत अणुकेंद्रे जागची हलत नाहीत. रेणूतील इलेक्ट्रॉन आधी निसटतो. रेणू फुटावयाचा की नाही, हे मागे उरलेल्या आयनाच्या अवस्थेवरून नंतर ठरते. हायड्रोजनचे दोन्ही इलेक्ट्रॉन निघून गेले, तर ०·७४ अँगस्ट्रॉम अंतरावरील दोन प्रोटॉन परस्परांस सुमारे १९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने दूर लोटतात. खंडांचा हा वेग हीच मापनातील खरी अडचण होय.

रॅप आणि एंग्लँडर-गोल्डन यांनी १९६५ साली अनेक वायूंचे एकूण आयनीभवन-काटछेद मोजले. विद्युत्पट्टिकांमध्ये सर्व आयन गोळा करण्याच्या पद्धतीमुळे ते आकडे दीर्घकाल प्रमाण मानले गेले. किम व रड यांनी १९९४ साली मांडलेल्या सूत्रात प्रत्येक कक्षकाची बंधनऊर्जा, गतिज ऊर्जा व इलेक्ट्रॉनसंख्या एवढ्यावरून एकूण काटछेद काढता येतो. जुळवून घ्यावयाचा स्थिरांक त्यात नाही. हे यश मोठे आहे. तथापि त्याचा अर्थ वाजवीपेक्षा अधिक लावता कामा नये. रेणूतून इलेक्ट्रॉन किती वेळा निघेल हे सूत्र सांगते. रेणू कोणत्या तुकड्यांत फुटेल याविषयी ते मौन पाळते.

आंशिक काटछेदांच्या बाबतीत दोष अधिक सूक्ष्म आहे. अरुंद फटीच्या उपकरणात मंद मूळ आयन पार जातात, वेगवान खंड मात्र भिंतींवर आदळून नाहीसे होतात. अशी मापने पुढे एकूण काटछेदाशी जुळवून घेतली, तर खंडांची तूट मूळ आयनांच्या खाती जमा होते. बेरीज बिनचूक येते. घटक मात्र चुकतात, आणि बेरीज जुळल्यामुळेच चूक झाकली जाते.

या कसोटीवर दोन प्रयत्न उल्लेखनीय ठरतात. राइस विद्यापीठातील स्ट्रॉब आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली कार्बन डाय-ऑक्साइडचे आंशिक काटछेद निरपेक्षपणे मोजले. आयन शोधकावर कोठे पडतात हेही पाहिल्यामुळे वेगवान खंड निसटले नाहीत, याची खात्री करून घेता आली. कृष्णकुमार आणि श्रीवास्तव यांच्या १९९० सालच्या नायट्रोजनवरील कार्याचा गुण निराळा आहे. नायट्रोजनचा एकभारित अणू आणि द्विभारित रेणू यांचे द्रव्यमान-भार गुणोत्तर एकच, १४. त्यांचा आकडा या लेखकांनी संयुक्तच दिला. जे वेगळे करता आले नाही, ते वेगळे केल्याचा आव आणला नाही.

लोणारसारख्या अभ्यासास या विवेचनाने बाध येतो काय? समस्थानिकांचे गुणोत्तर ज्ञात वायूशी त्याच उपकरणात ताडून पाहतात, त्यामुळे काटछेदाचा परिणाम बहुतांशी उडून जातो. परंतु कार्बन डाय-ऑक्साइड फुटून निघणारा कार्बन मोनॉक्साइडचा आयन २८ या द्रव्यमानावर येतो, आणि नायट्रोजनचा आयनही तेथेच येतो. दोन्ही वायू आधी नीट वेगळे केले नाहीत, तर नायट्रोजनचे मापन दूषित होते. मापकातील शिखराची उंची म्हणजे पदार्थाचे प्रमाण नव्हे; तिच्यात रेणूच्या फुटण्याचा इतिहासही मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढल्यावाचून तिचे वाचन पुरे होत नाही.