थांबलेला, आवरलेला आणि सुरू : संगणकीय अवस्थानामांची चिकित्सा

पारिभाषिक शब्दाची कसोटी कोशात लागत नाही; ज्या व्यवहारासाठी तो योजला जातो, त्या व्यवहारात लागते. नागपुरास हा विषय नवा नाही. १९४७ च्या सुमारास येथे राहून डॉ. रघुवीर यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शासनासाठी शब्द घडविले. उपसर्ग आणि धातू यांच्या योगाने शब्दकुले उभारण्याची त्यांची पद्धती पदांना व पदार्थांना नावे देण्यास समर्थ होती. परंतु जेथे वस्तूला नव्हे तर तिच्या अवस्थेला नाव द्यावयाचे असते, तेथे नामापेक्षा क्रियापदाचा विचार अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल २००५ साली संमत झालेला ‘जावा बिझनेस इंटिग्रेशन’ हा आराखडा घेऊ. दोन संगणकप्रणालींमध्ये संदेशांची देवघेव करविणाऱ्या जोडघटकाच्या तीन अवस्था त्याने मानल्या : ‘स्टार्टेड’, ‘स्टॉप्ड’ व ‘शटडाउन’. हा आराखडा आज मागे पडला असला, तरी त्याची नामपद्धती अभ्यसनीय आहे.

भाषांतरकार पहिलीस ‘चालू’ आणि उरलेल्या दोहोंस ‘बंद’ म्हणून मोकळा होईल. यात अर्थहानी आहे. ‘स्टॉप्ड’ घटक नवे काम काढीत नाही, पण त्याची सामग्री मांडलेलीच असते. ‘शटडाउन’ घटकाने ती सोडून दिलेली असते. सीताबर्डीवरील दुकानदार दुपारी विक्री थांबवितो आणि रात्री दुकान आवरतो. या दोन क्रिया आपण एका शब्दाने सांगत नाही. म्हणून ‘थांबलेला’ आणि ‘आवरलेला’ ही धातुसाधितेच येथे योग्य होत. ती घरगुती आहेत, हा आक्षेप गौण आहे.

मूळ नामपद्धतीही निर्दोष नाही. नुकताच बसविलेला, एकदाही न चाललेला घटक तीत ‘शटडाउन’च गणला जातो. यंत्राच्या दृष्टीने दोहोंत भेद नसेल. शब्द मात्र न घडलेल्या क्रियेची साक्ष देतो. अशा घटकास ‘न उघडलेला’ म्हणणेच सयुक्तिक.

खरी अडचण सर्व्हरांच्या समूहात दिसते. एकच घटक तीन सर्व्हरवर असतो. व्यवस्थापक आज्ञा देतो ती समूहास, अवस्था मात्र प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र असते. ‘सुरू केला’ ही आज्ञा, ‘सुरू झाला’ ही घटना आणि ‘सुरू आहे’ ही स्थिती. मराठी या तिहींत भेद करते. ‘स्टार्टेड’ तिन्ही अर्थ पोटात घेतो. आज्ञेच्या वेळी एक सर्व्हर निजलेला असेल आणि पुढे तो उठूनही घटक त्यावर थांबलेलाच राहिला, तर ‘सुरू केला’ हे विधान खरे ठरते, ‘तिहींवर सुरू आहे’ हे खोटे. पडद्यावर एकच शब्द दिसत असल्यास हा भेद बुजतो, आणि त्या सर्व्हरकडे गेलेले संदेश खोळंबतात. ‘ओएसजीआय’ या दुसऱ्या आराखड्याने सहा अवस्था मानून ‘सुरू होत असलेला’ व ‘थांबत असलेला’ यांस स्वतंत्र स्थान दिले, हे त्याचे श्रेय होय. परंतु त्या अवस्थाही एकेका यंत्रणेपुरत्याच आहेत.

तात्पर्य, समूहाच्या अवस्थेस एक विशेषण पुरत नाही. संख्या लागते : ‘दोहोंवर सुरू, एकावर थांबलेला’. परिभाषाकारांनी सुटे इंग्रजी शब्द मागविण्याऐवजी घटक कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जातो याचा तक्ता आधी मागवावा, आणि मग मराठी क्रियापदांकडे वळावे.